झोळीवाले आणि भोळे



होळीनंतर तहसील कचेरीवर आपण नेवाडाच्या जमिनीसाठी मोर्चा नेला. त्याची बातमी जिल्ह्याच्या एका पेपरात आली. ज्यांच्या पाड्यावर पेपर पोचत नाही, म्हणजे आपल्यापैकी जवळजवळ सगळ्यांच्याच, त्यांच्यासाठी सांगतो. मथळा असा : ‘झोळीवाल्यांच्या चिथावणीने भोळे आदिवासी रस्त्यावर’. खाली एक फोटो. तो मोर्चाचा नव्हताच. होळीत नाचणाऱ्या बाव्यांचा होता. अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला दुधी आणि घुंगरं. फोटोखाली लिहिलं होतं, ‘आक्रमक आदिवासी’.

पहिल्यांदा आम्ही पोट धरून हसलो. बावा होणारा माणूस मानता फेडायला बावा होतो. तो पाळणी पाळतो, खाटेवर बसत नाही, बाईमाणसाचा हात लागू देत नाही, भुईवर झोपतो. त्या दिवसांत त्याच्याइतका जपून वागणारा माणूस अख्ख्या डोंगरात सापडायचा नाही. आणि पेपरवाल्याला तोच नेमका आक्रमक दिसला!

मग हसणं थांबलं. मोर्चातल्या काही जणांना नोटिसा आल्या. शांतता भंग करणार अशी शंका आहे म्हणे, जामीन द्या. आम्ही कागद बघायला मागितले, तर एका साहेबाच्या रिपोर्टाला हेच कात्रण टाचणीने लावलेलं. म्हणजे पेपरवाल्याने साहेबाला विचारून बातमी लिहिली आणि साहेबाने पेपर वाचून रिपोर्ट लिहिला. दोघांपैकी एकानेही मोर्चातल्या माणसाला विचारलं नाही. आता तारखांना गाडीभाडं आपलं आणि मजुरी बुडणार तीही आपलीच.

आम्ही ती बातमी ओळ न ओळ वाचली. एकवीस ओळी आहेत. दाढी आहे, झोळी आहे, तीरकामठा आहे, दारूसुद्धा आहे. ‘जमीन’ हा शब्द एकदाही नाही.

आधी झोळीवाल्यांचं बोलू. आपल्यात शहरातून आलेले काही पोरं-पोरी आहेत. कोणी कॉलेज सोडून आलं, कोणी नोकरी. खादीचा कुडता घालतात, कारण तो टिकतो. झोळी वापरतात, कारण तुमचे-आमचे अर्ज, पावत्या, सातबारे कशात तरी न्यावे लागतात. दाढी ठेवतात ती बहुतेक आळसाने. पण पेपरात या तीन गोष्टी एकत्र आल्या की माणूस ‘नक्षलवादी’ होतो, नाहीतर ‘परदेशी पैशावर जगणारा’, नाहीतर ‘विकासविरोधी’. एकाने तर बातमी वाचून दाढीच काढून टाकली. दुसऱ्या दिवशी पाड्यावर गेला तर म्हाताऱ्या आईने विचारलं, “कोण मेलं रे तुझ्या घरी?”

सगळेच झोळीवाले देवमाणसं आहेत असं आम्ही म्हणत नाही. आठ दिवस राहून, मक्याची भाकर खाऊन, फोटो काढून जे गेले ते परत दिसले नाहीत, असेही आपण पाहिले आहेत. त्यांना काय बोलायचं ते आपण त्यांच्या तोंडावर बोलू. पण पेपरवाल्याचा राग त्यांच्यावर नाही. जो पावसाळ्यातही इथेच राहतो आणि कायदा वाचून दाखवतो, त्याच्यावर राग आहे.

दुसरा शब्द ‘भोळे’. आमच्या मते हा पहिल्यापेक्षा वाईट, कारण तो मायेचा वाटतो. आपलेही काही पुढारी भाषणात तो वापरतात आणि आपण टाळ्या वाजवतो. भोळा म्हणजे ज्याला स्वतःचं डोकं नाही तो. झोळीवाला भडकवतो हे खरं ठरवायचं असेल तर आदिवासी भोळा असावाच लागतो. एक चित्र काढलं की दुसरं आपोआप निघतं. दोन्ही चित्रं शेजारी लावली की मधली जमीन दिसेनाशी होते.

आपल्याला कोणी शिकवलं ते सांगतो. दंडाच्या पावत्यांनी शिकवलं. डिसेंबर १९७८ मध्ये महाराष्ट्र सरकारने ठराव केला की १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या काळातली जंगल जमिनीवरची अतिक्रमणं कायम करायची. म्हणजे नेवाड नावावर करायचं. मग पुरावा काय? ज्याच्यावर गार्डाने केस केली, ज्याच्याकडून दंड घेऊन पावती दिली, त्याच्या हातात पुरावा आला. आणि ज्याच्याकडून कोंबडी, तूप, नाहीतर पावतीशिवाय रोकड घेतली, त्याच्याकडे काहीच नव्हतं. पेपरात जो ‘गुन्हेगार’ तोच इथे हक्कदार ठरला, आणि ज्याने गुपचूप देऊन गुन्हा टाळला तो बिनजमिनीचा राहिला. हे कळायला झोळीवाला लागत नाही. आपले डाया लोक हे तेव्हापासून बोलताहेत.

हा प्रश्न जुनाच आहे. खाज्या नाईकाने १८५७-५८ ला सातपुड्यात इंग्रजांशी लढाई केली, तेव्हा सरकारी कागदात तो ‘लुटारू’ होता. शहाद्याकडे अंबरसिंग महाराज भजनं म्हणत होते तोवर कोणाला अडचण नव्हती. तेच महाराज मजुरी आणि जमीन बोलायला लागले, १९७२ ला श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा यांच्या मागे कोण, अशी चौकशी सुरू झाली. मागे कोण असणार? ते स्वतःच आदिवासी होते, आपलेच होते.

नर्मदेच्या काठच्या भावांचंही तसंच. १९९० च्या डिसेंबरात बडवानीहून निघालेली संघर्ष यात्रा गुजरातच्या हद्दीवर फेरकुव्याला अडवली. लोकांनी स्वतःचे हात स्वतः बांधून घेतले आणि पुढे चालले, म्हणजे कोणी म्हणू नये की यांनी हात उचलला. तरी ते ‘विकासाचे शत्रू’च राहिले. बांधलेले हातसुद्धा यांना दिसत नसतील तर अजून काय दाखवावं? आणि १९९३ च्या नोव्हेंबरात, १९ तारखेला, पोलिसांच्या गोळीने पंधरा वर्षांचा रेहमल वसावे गेला. त्यानंतर शहरातून आलेल्या एका पाहुण्याने आम्हाला पहिला प्रश्न केला : त्या दिवशी बाहेरचे कार्यकर्ते तिथे होते का? पोराचं वय त्याने नंतर विचारलं.

पेपरवाले मुद्दाम करतात का? काही करतात. पण तालुक्याचा वार्ताहर कसा जगतो तेही बघा. त्याचं बातमीवर पोट भरत नाही. तोच पेपरची एजन्सी चालवतो आणि दिवाळीला व्यापाऱ्यांकडून जाहिराती गोळा करतो. बातमी त्याला कचेरीत नाहीतर ठाण्यात चहाबरोबर तयार मिळते. डोंगर चढून पाड्यावर यायला दोन दिवस जातात, त्याचे पैसे कोण देणार? एक वार्ताहर मात्र दोन दिवस चालून आला होता, आपल्यातच झोपला, नेवाडाच्या बांधावर उभा राहून लिहून घेऊन गेला. त्याची बातमी छोटी आली, आतल्या पानावर आली, पण खरी आली. म्हणून ‘सगळे पेपरवाले विकलेले’ असं सभेत ओरडणं आपणही बंद करायला पाहिजे.

एक गोष्ट आपल्याला टोचणारी आहे, तरी लिहितो. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ ला तो कायदा गेला. पण पेपरात अजून ‘पारधी टोळी’ असंच छापून येतं, नाव नाही, गाव नाही, नुसती जात. आणि आपण काय करतो? बाजाराला पारधी दिसला की आपल्याच बाया म्हणतात, “कोंबड्या सांभाळा.” मागच्या महिन्यात एका पाड्यावर पारध्यांचे पाल उठवले, ते पोलिसांनी नाही, आपल्याच पोरांनी. विचारलं का, तर म्हणे पेपरात आलं होतं. आपली बातमी खोटी आणि त्यांची खरी, हे कोणी ठरवलं? त्या पाड्याच्या कारभाऱ्याने पुढच्या बैठकीत येऊन बोलावं, असं आम्ही कळवलं आहे.

या बातमीला उत्तर आम्ही लिहिलं आहे. त्यात जमिनीच्या मागण्या आहेत आणि फोटो कशाचा आहे ते आहे. सही-अंगठ्यासाठी ते पाड्यापाड्यांत फिरेल. ज्यांना वाचता येतं त्यांनी आधी मोठ्याने वाचून दाखवावं, न ऐकता कोणी अंगठा करू नये. त्यात चुकलं असेल तर सांगा, बदलू. पेपरने छापलं नाही तर आपण याच बुलेटिनात छापू.

नोटीस आलेल्यांनी तारखेला एकटं जाऊ नये. आदल्या रात्री कार्यालयात मुक्कामाला या. दंडाच्या सगळ्या पावत्या सोबत आणा, फाटलेल्यासुद्धा. पावसात भिजून अक्षर गेलेल्या पावत्याही टाकून देऊ नका, त्यांचा नंबर कधीकधी उजेडाकडे धरला की दिसतो.