अपलोड केलं म्हणजे शिकवलं का?

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलची लॉबी कशी जागी असते ते सांगायला नको. एकाने सोडवायचं, बाकीच्यांनी छापायचं आणि बाराच्या आत मूडलवर अपलोड करून मोकळं व्हायचं! पूर्वी हेच फाईलमध्ये चालायचं. कागद वाचला खरा, पण शिकणं वाढलं का?

साधनांची आपल्याला ददात नाही. मूडल 2002 पासून आहे, आयआयटींचं एनपीटीईएल 2003 पासून, 'स्वयम' 2017 पासून. प्रश्न आहे तो वापराचा. 1987 साली अमेरिकेत चिकरिंग आणि गॅमसन यांनी पदवीच्या चांगल्या अध्यापनाची सात तत्त्वं मांडली : शिक्षक-विद्यार्थी संपर्क, आपापसातलं सहकार्य, स्वतः करून शिकणं, लगेच मिळणारा अभिप्राय, अभ्यासाला दिलेला वेळ, मोठ्या अपेक्षा आणि शिकण्याच्या वेगवेगळ्या तऱ्हांचा आदर. यात कॉम्प्युटर कुठेच नाही! तंत्रज्ञान या तत्त्वांना तरफेसारखं कसं लावायचं, हे चिकरिंग आणि एरमन यांनी 1996 मध्ये सांगितलं. तरफ हाती घेण्याआधी उचलायचं काय ते ठरवायला नको का?

मी हर्णेचा. आमच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो. बोली चुकली की तिथल्या तिथे कळतं. आमची असाइनमेंट मात्र सेम संपताना नुसती टिकमार्क घेऊन परत येते. चूक कळते ती थेट केटी लागल्यावर! मूडलवर पाच प्रश्नांची क्विझ ठेवली तर उत्तर त्याच रात्री तपासून मिळतं. बहुतेकांचा कोणता प्रश्न चुकला ते सरांना सकाळी दिसतं आणि लेक्चर तिथूनच सुरू करता येतं. न्यूमरिकलमध्ये प्रत्येकाला वेगळे आकडे देण्याचीही सोय आहे. मग उत्तर छापून उपयोग नाही, रीत मात्र रूममेटकडून समजून घ्यावीच लागते. हेच ते सहकार्य!

सगळंच लाइव्ह हवं, हा हट्टही नको. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. आमच्या दापोली तालुक्यात विजेचे खांब आडवे झाले, कित्येक दिवस अंधार होता. लाइव्ह तास आमच्यासाठी नव्हतेच. नंतर कुठे रेंज मिळाली की उतरवून घेता यायचं ते सरांचं एक पानी टिपण आणि खाली चार प्रश्न. तेवढ्यावर आम्ही तरलो. आजही सुट्टीत गावी जाणाऱ्याला दोनशे स्लाइड्सपेक्षा असं एक पान जास्त उपयोगी पडेल.

स्टाफवर आधीच कामाचा बोजा आहे, हे मान्य. क्विझ बनवायला वेळ लागतो, पण एकदा बनवलेला प्रश्नसंच पुढच्या बॅचलाही चालतो. आणि आपण मुलांनी तरी काय करायचं? निदान क्विझ स्वतः सोडवायची आणि अडलेलं तिथेच विचारायचं, मराठीत विचारलं तरी चालेल!

पुढच्या सेमला सगळे नकोत, एका विषयात करून बघू. सर, मॅडम, तुम्ही प्रश्न टाका. उत्तरं आम्ही छापणार नाही, एवढा शब्द आमचा!