हरिणीची दया आणि पाडसांची उपासमार

आम्ही कथालेखकांनी हरिणीच्या डोळ्यांचे इतके गोडवे गाऊन ठेवले आहेत की, तिच्यावर बंदूक रोखणारा माणूस म्हणजे राक्षसच, अशी आपली खात्री झाली आहे. आज ऐन दिवाळीत मी त्या माणसाची बाजू घेणार आहे. वाचकांनी रागावण्यापूर्वी ऐकून घ्यावे.

आपल्या देशात हरणांच्या शिकारीला कायद्याने बंदी आहे. ती तशीच राहो. आपल्या रानांत वाघ व रानकुत्रे अजून आहेत, आणि ते नर-मादी पाहत बसत नाहीत. मी सांगतो आहे ते अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याचे. तेथे १९१५ साली नियम झाला की, शिंगे असलेला नर तेवढा मारावा. दिसायला केवढी उदात्त गोष्ट! परंतु एक नर अनेक माद्यांना पुरतो आणि धष्टपुष्ट मादी बहुधा जुळी पाडसे देते. नर मारून कळप घटेल कसा? लांडगे तर माणसाने संपवीतच आणले होते. कळप वाढले. हिवाळ्यात बर्फ साचले की हरणे सिडारच्या झाडीत दाटी करीत व तोंड पोचेल तेवढा पाला फस्त करीत. उरलेला पाला उंच हरणांनाच मिळे. खाली पाडसे उपाशी मरत. आईला अभय देणाऱ्यांनी लेकरांना मारले ते असे!

प्राध्यापक ऑल्डो लिओपोल्ड यांनी हे परोपरीने सांगितले. १९४३ साली चार दिवस नरांची व चार दिवस बिनशिंगी हरणांची शिकार खुली झाली. सव्वा लाखावर हरणे पडली. लोकांनी त्याला ‘त्रेचाळीसचा गुन्हा’ म्हटले आणि लिओपोल्ड शिव्यांचे धनी झाले.

बरे, हा विरोध निव्वळ दयेचा होता म्हणावे, तर तसेही नाही. १९९६ पासून तेथे काही भागांत ‘आधी बिनशिंगी मारा, मग नर’ असा नियम आला. तो शिकाऱ्यांनाच खुपला आणि २०११ साली रद्द झाला. भिंतीवर टांगायला शिंगे हवीत, हे त्यातले खरे दुखणे!

निसर्ग आपले पाहून घेईल, असे म्हणण्याचा अधिकार लांडगे मारणाऱ्यांना उरत नाही. लांडग्याचे अप्रिय काम आता त्यांनीच केले पाहिजे, आणि रानात चारा किती हे पाहून नर किती व माद्या किती मारायच्या ते ठरविले पाहिजे. ज्याला हे क्रूर वाटते, त्याने बर्फातले मेलेले पाडूस एकदा डोळ्यांसमोर आणावे.