रेसकोर्सची जमीन आपलीही आहे

सार्वजनिक पैसा | साप्ताहिक स्तंभ | सौंदडहून

महालक्ष्मीचं रेसकोर्स सौंदडपासून हजारेक किलोमीटर दूर. आपल्या चौकात त्याचा विषय सहसा निघत नाही; निघायला हवा. तिथल्या 211 एकरांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक जमीन राज्य सरकारची आहे, उरलेली मुंबई महापालिकेची. राज्याची जमीन म्हणजे मलबार हिलवर राहणाऱ्याची जितकी, तितकीच सडक अर्जुनी तालुक्यातल्या धान उत्पादकाचीही.

रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडचा 1914 पासूनचा भाडेपट्टा 31 मे 2013 रोजी संपला. पुढची दहा वर्षं नवा करार झाला नाही आणि शर्यती मात्र चालू राहिल्या. ग्रामपंचायतीचा गाळा मुदत संपल्यावर दहा वर्षं असाच कुणाच्या ताब्यात राहिला असता, तर ग्रामसभेने सरपंचाला बसू दिलं नसतं. या काळात कुणी तिथे थीम पार्क सुचवलं, कुणी उद्यान. शेवटी तोडगा निघाला तो असा: 120 एकर महापालिकेला उद्यानासाठी, 91 एकर क्लबकडे, भाडेपट्टा 2053 पर्यंत.

यावर मतदानही झालं. जानेवारी 2024 मध्ये क्लबच्या सभासदांनी मतं दिली, 540 बाजूने आणि 168 विरोधात. मला खटकतं ते हेच. सभासदांनी आपल्या क्लबबद्दल मत देणं रास्तच आहे. पण जमिनीची मालक जनता, आणि तिला या प्रस्तावाचा कागद बघायलाही मिळाला तो वर्तमानपत्रातून, तुकड्यातुकड्याने. महापालिकेने सुमारे 100 कोटी रुपये खर्चून घोड्यांचे नवे तबेले बांधून द्यायचे, हा मुद्दाही अशाच बातम्यांमधून पुढे आला आणि त्यावरून वाद पेटला. विधिमंडळात आधी चर्चा, मग करार, हा क्रम असायला हवा होता.

रेसकोर्स तिथून हलवावं असं माझं म्हणणं नाही. मुंबईत एवढा मोठा हिरवा तुकडा उरला, त्याचं बरंचसं श्रेय तिथे घोडे धावत राहिले याला आहे. नाहीतर आज तिथे टॉवर दिसले असते. घोड्यांना पहाटे फिरवणारे, खरारा करणारे मोतद्दार, नालबंद, जॉकी यांची चूल शर्यतींवर पेटते. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये मद्रासच्या गिंडी रेसकोर्सच्या खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचं मान्य केलं. खेळ राहू दे. पण सरकारी जमीन आणि सरकारी पैसा लागत असेल, तर भाडं किती, अटी काय आणि कुणाच्या शब्दावरून ठरलं, हे उघड झालंच पाहिजे.

गिंडीचंच पुढे काय झालं बघा. 160 एकरांची जमीन 1945 मध्ये 99 वर्षांसाठी दिली होती, वर्षाला 614 रुपये भाड्याने. भाडं वाढवण्यावरून वर्षानुवर्षं तंटा चालला, थकबाकी शेकडो कोटींवर गेली आणि सप्टेंबर 2024 मध्ये तमिळनाडू सरकारने रेसकोर्सला टाळं ठोकलं. एका टोकाला नाममात्र भाडं, दुसऱ्या टोकाला कुलूप. वेळच्या वेळी, उघडपणे भाडं ठरवण्याचा साधा मार्ग मधल्या काळात कुणालाच जमला नाही.

आता आपल्याकडे या. धान निघून बांध्या मोकळ्या झाल्या की झाडीपट्टीत शंकरपटाचे दिवस येतात. दोन जोड्या शेजारी शेजारी सुटतात, छकड्यावर धुरकरी ओणवा होऊन बैलांच्या पाठीला जवळजवळ टेकलेला असतो, आणि अंतर संपेपर्यंत काठावरची माणसं श्वास रोखून उभी असतात. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांसमोर सोयरिकीच्या गोष्टी निघतात, रात्री वडशाहून आलेल्या कंपनीचं नाटक पहाटेपर्यंत रंगतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने हे थांबलं. राज्याने 2017 मध्ये कायदा बदलला, डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने कायदा वैध ठरवला.

त्या अटी मला मान्य आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, 50 हजारांची अनामत, हजार मीटरच्या आतली धाव, काठी-चाबूक नाही, जनावरांची डॉक्टरी तपासणी. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. बैलाला वेदना होऊ नयेत म्हणून एवढं कडक असलंच पाहिजे. पण गावच्या पटाला नियम छापील, आणि राजधानीतल्या क्लबच्या करारासाठी दहा वर्षं वाटाघाटी, हा फरक का? गावच्या मंडळाला मंत्रालयात वजन नाही. त्याची धाव आमदारांच्या घरापर्यंत, बक्षिसासाठी आणि फलकावरच्या फोटोसाठी.

वजन वापरण्यात गैर नाही, ते लपून वापरण्यात आहे. ब्रिटनमध्ये सट्ट्यावरचा कर वाढणार अशी चिन्हं दिसताच घोडदौडीच्या क्षेत्राने 10 सप्टेंबर 2025 रोजी दिवसभर शर्यती बंद ठेवल्या आणि माणसं थेट संसदेच्या दारात गेली. नोव्हेंबरच्या अर्थसंकल्पात घोडदौडीवरचा कर वाढला नाही. त्यांची बाजू पटो न पटो, कुणी काय मागितलं आणि काय मिळवलं ते साऱ्या देशाला दिसलं. आपल्याकडे सरकारदरबारी वकिली करणाऱ्यांची नोंद ठेवणारा कायदाच नाही.

म्हणून माझी मागणी तीन गोष्टींची आहे. महालक्ष्मीचा करार, भाड्याच्या हिशेबासकट, विधिमंडळाच्या पटलावर आणि सरकारी संकेतस्थळावर ठेवावा. पुढे कुठल्याही क्रीडासंस्थेला सरकारी जमीन देताना सहीच्या आधीच मसुदा लोकांसमोर यावा. आणि पटासाठी आपल्याला बक्षिसाची रक्कम सरकारकडून नको. कायद्याने तपासणी बंधनकारक केली आहे, तर तपासणारा डॉक्टर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बारा महिने हजर असावा. पटाच्या दिवशी बैलाला तो लागतोच. उरलेल्या दिवसांत आपल्या गाई-म्हशींना लागतो. येत्या अधिवेशनात जिल्ह्यातल्या आमदारांनी या तिन्हींवर लेखी प्रश्न टाकावेत, आणि त्यांनी ते टाकले की नाही हे आपण त्यांना पटाच्या मंडपातच विचारावं.