आकडा चुकतो यंत्राचा, हक्क जातो विडी कामगार भगिनीचा

सोलापूर हे कष्टकऱ्यांचे शहर. येथल्या मोठ्या गिरण्यांचे भोंगे कधीच शांत झाले. परंतु पूर्व भागातील घराघरांतून विडी वळणारे हात थांबले नाहीत. मांडीवर सूप घेऊन तेंदूपत्त्यात तंबाखू भरणाऱ्या हजारो भगिनींनी या शहरातील संसार उभे केले, मुले शिकवली. अशा भगिनीला उतारवयात हक्काचे निवृत्तिवेतन किती मिळणार, हे आज कोण सांगते? ना कारखानदार, ना सरकारी अधिकारी. नातवाच्या मोबाइलवरील एखादा 'पेन्शन कॅल्क्युलेटर' ते सांगतो आणि त्या आकड्याला ब्रह्मवाक्य मानून ती अंगठा उठवते. प्रश्न असा आहे की, तो आकडा खोटा निघाला तर जबाबदार कोण?

हा हक्क काही सहजासहजी मिळालेला नाही. भविष्य निर्वाह निधीचा कायदा विडी उद्योगाला १९७७ मध्ये लागू झाला. घरी बसून विडी वळणारी स्त्री आमची कामगारच नव्हे, असा पवित्रा तरीही मालकांनी घेतला. तो १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोडून काढला. पुढे १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजना आली. जे न्यायालयात जिंकले, ते संगणकाच्या पडद्यावर हरायचे काय?

अर्धेच सूत्र, अर्धाच न्याय

या योजनेचे मूळ सूत्र सोपे आहे. सरासरी वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. अनेक खासगी संकेतस्थळांवरील गणकयंत्रे एवढेच करून मोकळी होतात. परंतु नियम येथे संपत नाहीत. वीस वर्षे सेवा करून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्यास सेवेत दोन वर्षांची वाढ मिळते. समजा, एखाद्या भगिनीचे सरासरी वेतन ५,००० रुपये आणि सेवा २२ वर्षे आहे. अर्धवट गणक सांगतो १,५७१ रुपये. नियमाने होतात १,७१४. महिन्याला १४३ रुपयांचा फरक कोणाला क्षुल्लक वाटेल. पण वर्षाचा हिशेब केला, तर बारा महिन्यांपैकी एका महिन्याचे संपूर्ण निवृत्तिवेतनच गायब होते! जुन्या कुटुंब निवृत्तिवेतन योजनेत असलेल्यांना १९९५ पूर्वीच्या सेवेचा वेगळा लाभ आहे. अनेक गणकांच्या चौकटीत त्याला जागाच नाही.

याहून घातक चूक पात्रतेची आहे. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते, हे सर्वांना ठाऊक असते. सहा महिने वा त्याहून अधिक काळ पूर्ण वर्ष धरला जातो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. नऊ वर्षे सात महिने सेवा झालेल्या भगिनीला यंत्राने 'अपात्र' ठरवले, की ती नमुना '१०-सी' भरून एकरकमी पैसे उचलते. तेथेच जन्मभराचे निवृत्तिवेतन आणि तिच्या पश्चात जोडीदाराला मिळणारा आधार संपतो. १ सप्टेंबर २०१४ पासून ठरलेल्या किमान १,००० रुपयांचे कवचही मग तिच्या कामी येत नाही.

उलट दिशेनेही फसवणूक होते. विडीचे काम हजारी दराने चालते. पान-तंबाखू मिळेल त्या दिवशी काम, न मिळेल त्या दिवशी उपास. गणकाला मात्र कामाला लागल्याची आणि सोडल्याची एवढीच तारीख कळते. वर्गणी न भरलेले मधले दिवस त्याच्या गावी नसतात. मग कार्यालयात गेल्यावर आशेचा मनोरा कोसळतो. जन्मतारखेची तीच गत. अंदाजाने लिहिलेले वय कागदावर तीन वर्षांनी कमी पडले, तर ते 'मुदतपूर्व' निवृत्तिवेतन ठरते आणि दरसाल ४ टक्क्यांची कपात माथी बसते.

सरासरीच्या या आंधळेपणाची किंमत प्रगत ऑस्ट्रेलियानेही मोजली आहे. तेथील सरकारी यंत्रणेने वार्षिक उत्पन्न पंधरवड्यांत सारखे वाटून लाखो गरिबांवर खोटी थकबाकी लादली. अखेर सरकारला वसूल केलेली रक्कम परत करावी लागली आणि २०२३ मध्ये शाही आयोगाने त्या कारभाराचे वाभाडे काढले. तेथे निदान आयोग तरी बसला. आपल्याकडे 'हा केवळ अंदाज आहे' अशी बारीक अक्षरांतील इंग्रजी ओळ टाकली, की सारे हात झटकायला मोकळे!

हिशेब कागदावर हवा

आमचा विरोध संगणकाला नाही. संगणकाने रांगा कमी केल्या, हे मान्यच आहे. परंतु शेवटच्या माणसापर्यंत पोहोचण्याची भाषा करणाऱ्या व्यवस्थेने त्या माणसाला निदान त्याचा हिशेब तरी समजावून द्यावा. भविष्य निर्वाह निधी कार्यालयाने प्रत्येक विडी कामगाराला सेवेची वर्षे, वगळलेले दिवस, धरलेले वेतन आणि लावलेला नियम यांचा तपशील मराठीत व तेलुगूत, अधिकाऱ्याच्या सहीनिशी द्यावा. हा कागद हाती पडल्याशिवाय एकरकमी पैशांचा अर्ज स्वीकारू नये. कामगार संघटनांनीही झेंड्यांचे रंग बाजूला ठेवून वस्तीवस्तीत असे हिशेब तपासून द्यावेत.

जिने आयुष्यभर एकेक विडी मोजून दिली आणि मोजणीत एकही कमी पडू दिली नाही, तिच्या हक्काची मोजणी मात्र अंदाजाने व्हावी, हे सोलापूरकरांनी यापुढे मुळीच खपवून घेऊ नये.