छत्तीस गुण आणि छत्तीसचा आकडा

तुळशीचे लग्न लागले की महाराष्ट्रात विवाहाची बोलणी सुरू होतात आणि घरोघरी पंचांगे उघडली जातात. किती गुण जुळतात, हा पहिला प्रश्न. वर्णाचा १, वश्याचे २, तारेचे ३, योनीचे ४, ग्रहमैत्रीचे ५, गणाचे ६, राशिकूटाचे ७ आणि नाडीचे ८ अशी ही ३६ गुणांची मांडणी. १८ जुळले की स्थळ पुढे न्यावयास हरकत नाही, असे मानतात. गंमत अशी की, मराठीत ‘छत्तीसचा आकडा’ म्हणजे वैर. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून उभे असतात. उत्तम गुण जुळलेली दाम्पत्येही कौटुंबिक न्यायालयाची पायरी चढताना दिसतात, तेव्हा या विनोदातील हसू मावळते.

हे मेलापक जन्मकाळच्या चंद्राच्या राशी-नक्षत्रावर बेतलेले आहे. वराचा तापटपणा, घरावरील कर्ज, वधूचे नोकरीविषयीचे मनोगत यांपैकी काहीही त्यात उमटत नाही. मात्र याचा दोष परंपरेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. आश्वलायन गृह्यसूत्राने विवाहप्रकरणी आधी कुलपरीक्षा सांगितली, तीही मातृकुल आणि पितृकुल अशा दोहोंची. वर बुद्धिमान असावा. वधूच्या ठायी बुद्धी, रूप, शील, सुलक्षणे व आरोग्य असावे, अशी सूत्रकारांची अपेक्षा. लक्षणे ओळखणे कठीण, हेही ते प्रांजळपणे मान्य करतात आणि त्यासाठी मातीच्या आठ गोळ्यांची परीक्षा सुचवितात. ती परीक्षा आज कोणी घेणार नाही. पण बुद्धी, शील, आरोग्य यांची चौकशी मागे पडून केवळ नाडी शिल्लक राहावी, हा परंपरेचा अभिमान नव्हे, तिचा विसर आहे.

आधुनिक म्हणविणाऱ्यांची स्थिती फारशी वेगळी नाही. उपाहारगृहातील दोन भेटींत वेतन, सदनिका आणि परदेशगमन एवढेच बोलून होते. एकुलत्या एका मुलीच्या वृद्ध आईवडिलांना कोण पाहणार? दोघांच्या मिळकतीचा विनियोग कोण ठरविणार? बदली झाली तर कोणाची नोकरी सुटणार? हे विषय ‘नंतर पाहू’ म्हणून टाळले जातात. वधूच्या स्वयंपाकाची विचारपूस हा वरपक्षाला आपला हक्क वाटतो; वराच्या कर्जाची चौकशी वधूपित्याने केली, तर मात्र तो आगाऊपणा ठरतो. ज्या समाजात सप्तपदीचे सातवे पाऊल सख्यासाठी असते, त्यात ही विषमता शोभत नाही.

आरोग्याचेही तसेच. नाडीदोषाचा संबंध लोकसमजुतीत संततीशी जोडला जातो. पण पतिपत्नी दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात अपत्याला हा गंभीर आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे एका रक्ततपासणीने आधीच समजू शकते.

यावर काहींचा उपाय, लग्नाआधी एकत्र राहून पाहावे. जेथे केव्हाही निघून जाण्याची मुभा आहे, तेथे आजारपणात, बेकारीत, वार्धक्यात सोबत टिकेल की नाही याची परीक्षा होणार कशी?

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. जेथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे, तेथे त्याच्या कलम ७ नुसार सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. परस्परसंमतीच्या घटस्फोटाची तरतूद १९७६ मध्ये आली. त्यासाठीही वर्षभर विभक्त राहावे लागते. पुढील सहा महिन्यांचा अवधी न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरविले. तोवर दोन्ही घरे पोळलेली असतात. तरीही मोडलेला साखरपुडा हा घराण्याचा कलंक समजून, मने जुळत नाहीत हे उमगल्यावरही बोहल्यावर चढविणारे पालक कमी नाहीत. कार्यालयाची अनामत बुडेल, ही चिंता वेगळीच!

वधूवर सूचक मंडळांच्या अर्जांत गोत्र, नाडी, उंची आणि वार्षिक उत्पन्न यांचे रकाने असतात. त्यांत रक्ततपासणी, डोक्यावरील कर्ज आणि आईवडिलांची जबाबदारी असे तीन रकाने दोन्ही पक्षांसाठी वाढविण्यास छपाईचा फारसा खर्च येणार नाही.