खूण न बघता

बेसबॉलच्या इतिहासात टोलेडो ब्लू स्टॉकिंग्ज या संघाला एका ओळीपलीकडे जागा मिळत नाही. ओहायो राज्यातल्या टोलेडो शहराचा हा व्यावसायिक संघ १८८४ साली ‘अमेरिकन असोसिएशन’ या वरिष्ठ लीगमध्ये खेळला, ४६ सामने जिंकून आणि ५८ हरून आठवा आला, आणि हंगाम संपताच मोडला. त्या वर्षी अमेरिकेत तीन वरिष्ठ लीग एकाच वेळी चालू होत्या. एवढ्या संघांना पोसेल इतका प्रेक्षक नव्हता.

जी ओळ मिळते ती मोझेस फ्लीटवुड वॉकरमुळे. ओबर्लिन कॉलेजात शिकलेला हा कृष्णवर्णीय तरुण टोलेडोचा कॅचर होता. त्याचा भाऊ वेल्डी हाही त्या हंगामात मोजके सामने खेळला. जॅकी रॉबिन्सन वरिष्ठ लीगमध्ये उतरला तो १९४७ साली. त्यामुळे ‘पहिला कोण?’ हा वाद रंगतो. १८७९ मध्ये एकच सामना खेळलेल्या विल्यम एडवर्ड व्हाइटचे नाव पुढे आल्यापासून तर अधिकच. मला या वादात फारसा रस नाही. पहिलेपणाचा मान देऊन टाकला की त्या माणसाचे नेमके काय झाले, हे विचारण्यातून आपण सोयीस्करपणे मोकळे होतो.

कॅचर म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा, फलंदाजाच्या मागे बसणारा खेळाडू. फरक असा की कोणता चेंडू टाकायचा हे तोच बोटांच्या खुणेने पिचरला सुचवतो. त्या काळी जाड गादीचे हातमोजे नव्हते. वॉकर पुष्कळदा उघड्या हातांनीच चेंडू झेलत असे. टोलेडोचा मुख्य पिचर होता आयर्लंडमध्ये जन्मलेला टोनी मुलेन. त्या हंगामात त्याने ३६ सामने जिंकून दिले. वॉकरइतका चांगला कॅचर आपल्याला लाभला नाही, पण काळ्या माणसाची खूण पाळायची नाही म्हणून आपण मनाला येईल तो चेंडू टाकत असू, अशी कबुली त्याने पुढे १९१९ साली दिली. शेवटी वॉकरनेच त्याला सांगितले की यापुढे मी खुणा करणारच नाही. उरलेला हंगाम तो येईल तो चेंडू झेलत राहिला.

आता धावफलक बघा. कॅचरच्या हातून चेंडू निसटला की तो त्याच्या नावावर दोष म्हणून नोंदला जातो. पिचरने खूण धुडकावली याला मात्र रकानाच नाही. आकडे निःपक्षपाती असतात असे आपण धरून चालतो. इथे मुलेनचा द्वेष वॉकरची चूक होऊन वहीत उतरला आहे. त्या वर्षी ४२ सामन्यांत वॉकरची फलंदाजीची सरासरी .२६३ होती, संघातल्या बहुतेकांहून सरस, हे त्याच वहीत सापडते.

बाहेरचा विरोध अर्थातच उघड होता. १८८३ मध्ये शिकागोच्या कॅप अ‍ॅन्सनने वॉकर असेल तर खेळणार नाही अशी धमकी दिली. त्या दिवशी वॉकरला खरे तर विश्रांती होती. धमकी ऐकून व्यवस्थापक चार्ली मॉर्टनने त्याला मुद्दाम खेळवले, आणि तिकिटांचा पैसा बुडेल म्हणून अ‍ॅन्सन निमूट खेळला. (तत्त्वाची किंमत एवढीच.) पुढच्या वर्षी रिचमंडहून पत्र आले: वॉकर मैदानात आला तर ७५ माणसे त्याच्यावर चालून जातील. संघ तिथे जाण्याआधीच जखमी वॉकर संघाबाहेर गेला होता.

१८८७ साली इंटरनॅशनल लीगने कृष्णवर्णीयांशी नवे करार न करण्याचा ठराव केला. १८८९ नंतर वॉकरही त्या लीगमध्ये दिसत नाही. १९०८ मध्ये त्याने ‘अवर होम कॉलनी’ हे पुस्तक काढले. काळ्यांना अमेरिकेत भवितव्य नाही, त्यांनी आफ्रिकेत निघून जावे, असे त्याचे प्रतिपादन आहे. त्याला रॉबिन्सनचा पूर्वसूरी म्हणून गौरवणारे लेख या पुस्तकाशी येऊन अडखळतात, आणि बहुधा दोन वाक्यांत ते ओलांडून पुढे जातात.