आबांच्या एसटीचं कौतुक पुरे, पाण्याचं बोला!



जुलै सरत आला की आपल्या सांगोला तालुक्यात चौकाचौकात फलक चढतात. 30 जुलै 2021 ला आबासाहेब, म्हणजे माजी आमदार गणपतराव देशमुख गेले. त्या तारखेचे हे फलक. मजकूर ठरलेला: ‘साधी राहणी, उच्च विचारसरणी’. मध्ये आबांचा फोटो, खाली पंधरा शुभेच्छुक, आणि त्यातल्या दोघांचे चेहरे आबांपेक्षा मोठे. मग काळ्या काचांच्या गाड्या येतात. पुढारी उतरतो, हार घालतो आणि माईक हातात आला की सांगतो, “आबा एसटीनं फिरायचे हो!” टाळ्या पडतात. पुढारी पुन्हा काळ्या काचेआड जातो आणि एसी लावतो.

या एसटीच्या गोष्टीचा मला आता कंटाळा आला आहे, आणि त्यासाठीच हे पत्रक काढलं आहे.

गैरसमज नको. आबा साधे होते, हे सगळा महाराष्ट्र जाणतो. पण साधेपणा हा त्यांचा स्वभाव होता, काम नव्हे. साधी माणसं आपल्या वाडीवस्तीवर ढिगानं सापडतील, त्यांना कोणी अकरा वेळा विधानसभेत पाठवत नाही. शिवाय साधेपणाचं कौतुक करायला दमडीही पडत नाही. पाण्याचं कौतुक करायला गेलं की हिशेब द्यावा लागतो. म्हणून भाषणात एसटी येते आणि चारी येत नाही.

आता नव्या पोरांसाठी थोडं सांगतो. आबा 1962 ला शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप) पहिल्यांदा निवडून आले. 1972 ला पडले, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 ला 192 मतांनी पडले, 1999 ला परत आले. 2014 ला वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी अकराव्यांदा निवडून आले. पक्ष एकच, लाल बावट्याचा. मंत्रिपद दोनदा, 1978 आणि 1999 च्या सरकारांत. बाकी बहुतेक काळ विरोधी बाकावर. म्हणजे हाती खातं नाही, सही नाही, निधीची किल्ली नाही. तरी कामं झाली. कशी झाली, हा प्रश्न त्या फलकावर कुठंच नसतो.

विरोधी आमदाराकडं एकच हत्यार असतं, सभागृह. तारांकित प्रश्न टाकला की मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. लक्षवेधी लागली की खात्याला फायली काढाव्या लागतात. अर्थसंकल्पावर कपात सूचना देता येते, मागण्यांवर बोलता येतं. उत्तर गोलमाल असलं तरी ते कामकाजाच्या नोंदीत छापलं जातं आणि पुढच्या अधिवेशनात तेच उत्तर मंत्र्यापुढं धरता येतं. कंटाळवाणं काम आहे हे. याचा व्हिडिओ फिरत नाही.

रोजगार हमीचंच बघा. आपल्या आया-आज्यांनी 1972 च्या दुष्काळात खडी फोडली, नालाबांध घातले. तेव्हा काम म्हणजे सरकारची मेहेरबानी होती. काम हा हक्क झाला तो 1977 च्या कायद्यानं, अंमल 26 जानेवारी 1979 पासून. त्यासाठी शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला. दिल्लीनं तसा कायदा केला 2005 ला, आपल्यानंतर 28 वर्षांनी. आणि ही कल्पना कोणाची? वि. स. पागे यांची. शेजारच्या जिल्ह्यातल्या तासगावचा माणूस. ते मंत्री नव्हते, विधान परिषदेचे सभापती होते. योजना आधी तासगाव तालुक्यात करून पाहिली आणि मग राज्यभर नेली. पागे काँग्रेसचे, आबा शेकापचे. पण दुष्काळी भागातला आमदार कशासाठी असतो, याबद्दल दोघांचा घोळ नव्हता.

याच रोजगार हमीला 1990 मध्ये फळबाग लागवडीची जोड मिळाली. बांधावरच्या बोरी-बाभळी गेल्या आणि डाळिंब आलं. सांगोल्याचं डाळिंब देवानं दिलं नाही, सरकारी धोरणानं दिलं. खड्डा खणायची मजुरीसुद्धा योजनेतून मिळत होती. ज्यांच्या घराला त्या बागेनं स्लॅब घातला त्यांनी हे विसरू नये.

दुसरं पाण्याचं. आपला तालुका टेलचा. नीरा उजव्या कालव्याचं टेल आपण, टेंभू उपसा योजनेचं टेलही आपणच. टेंभूचं पाणी कराड तालुक्यात कृष्णेतून उचलायचं, टप्प्याटप्प्यानं चढवायचं, कडेगाव, खानापूर, आटपाडी करत माणच्या खोऱ्यात आणायचं. वाटेत प्रत्येकाला तहान आहे आणि प्रत्येकाला आमदार आहे. टेलच्या आमदाराचा आवाज हेडच्या आमदारापेक्षा मोठा असावा लागतो, कारण पाणी हेडला मुरतं आणि टेलला फक्त पाणीपट्टीची नोटीस येते.

आबांनी, वाळव्याच्या नागनाथअण्णा नायकवडींनी आणि भारत पाटणकरांनी आटपाडीला पाणी परिषदा भरवल्या, दरवर्षी, 13 दुष्काळी तालुक्यांच्या. मागणी नुसती ‘पाणी द्या’ एवढी नव्हती, समन्यायी वाटपाची होती. जमीन ज्याची जास्त त्याला पाणी जास्त, हा हिशेब मोडायचा आणि वाटा कुटुंबागणिक धरायचा. एकट्या सांगोल्यापुरतं मागितलं असतं तर भाषण सोपं झालं असतं. तेरा तालुके बरोबर घेतले म्हणून सरकारला ऐकावं लागलं. पुढं उपसा योजनांच्या वीजबिलातले 81 टक्के सरकारनं आणि 19 टक्के शेतकऱ्यानं भरायचे, असं ठरलं. ते नसतं तर पंप असून पाणी वर चढलं नसतं.

“पन्नास वर्षांत आबांनी काय केलं?” असं विचारणारे आहेत. विचारावं, प्रश्न रास्त आहे. पाणी उशिरा आलं, सगळ्या गावांत सारखं आलं नाही, आणि ते येईपर्यंत एक पिढी मुंबई-पुण्याला गेली. माझे दोन चुलते त्यातलेच. आणखी एक सांगतो, आबांच्या माणसांना झोंबलं तरी. आबांनी तालुक्यात सूतगिरणी उभी करून चालवून दाखवली, पण आपल्यामागं उभा राहील असा घराबाहेरचा माणूस काही पुढं आणला नाही. 2019 ला उमेदवारी घरातच, एका नातवाकडं गेली आणि शेकाप 768 मतांनी हरला. 2024 ला दुसरे नातू निवडून आले. तेव्हा हे पत्रक ना त्यांच्या बाजूचं आहे, ना त्यांच्या विरोधकांच्या. काटा सगळ्यांना एकच.

मधल्या काळात, 2022 ला, आपल्या तालुक्याचं नाव देशभर गाजलं ते तेव्हाच्या आमदारांच्या गुवाहाटीतल्या झाडी, डोंगार आणि हाटिलाच्या वाक्यामुळं. हसू मलाही आलं, खोटं कशाला बोलू. पण ज्या दिवसांत ते वाक्य रिंगटोन होऊन वाजत होतं, त्याच दिवसांत मी माझी बाग उपटत होतो. भगव्या डाळिंबाची साडेतीनशे झाडं. खोडाला सुईच्या टोकाएवढी भोकं आणि बुंध्याशी पिठासारखा भुसा. खोडकिडीनं आतून पोखरलेलं झाड वरून हिरवंच दिसतं, फळही धरतं, आणि एका आठवड्यात वाळतं. त्याआधी तेल्या रोगानं एक बहार गेलाच होता. जेसीबीवाल्यानं तासावर पैसे घेतले, आणि बारा वर्षं जपलेल्या झाडांना बांधावर पडायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. बुंधे जळणालासुद्धा कोणी नेईना, कीड घरात येईल म्हणून. अशा किती बागा गेल्या, ते तालुक्यातून मोटारसायकलीवर एक चक्कर मारली तरी कळेल. 28 डिसेंबर 2020 ला देशातली शंभरावी किसान रेल्वे आपल्याच सांगोल्यातून बंगालमधल्या शालिमारला सुटली होती, पंतप्रधानांच्या झेंड्यानं. पुढच्या दोन वर्षांत डब्यात भरायला फळ उरलं नाही. विधानसभेत यावर रान उठायला हवं होतं. गावात रान उठलं ते कोण कोणत्या गटात गेला यावर.

आता निधीचं बोलतो. आमदाराला स्थानिक विकास निधी मिळतो वर्षाला 5 कोटी. आपल्या तालुक्यात शंभराच्या आसपास गावं. भागा. गावाला आले 5 लाख. त्यात काय होतं? पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा, सभामंडपाचा पत्रा आणि नावाची पाटी. पाटी बहुतेक वेळा पत्र्यापेक्षा टिकाऊ निघते. मात्र हाच आमदार राज्याच्या ज्या अर्थसंकल्पावर हात वर करतो, तो 2025-26 ला सात लाख कोटींच्या घरात होता. 288 आमदारांचा निधी एकत्र केला तरी 1440 कोटी होतात. म्हणजे हजार रुपयांतले दोन. दोन रुपयांसाठी आपण आमदाराला नारळ फोडायला बोलावतो, आणि उरलेले 998 कुठं गेले हे त्याला विचारतसुद्धा नाही. चूक त्याची आहेच, पण आपलीही आहे. लग्नाला आला, दहाव्याला आला, पोराच्या बदलीसाठी फोन केला, की आमदार चांगला! अधिवेशन चालू असताना तो आपल्या वास्तुशांतीला जेवायला येतो आणि आपण खूश होतो. अरे, त्या दिवशी तो तिथं मुंबईत किंवा नागपुरात हवा होता.

म्हणून यंदापासून एवढं करू. पुण्यतिथीला फलक लावणाऱ्या प्रत्येक इच्छुकाला, आजी असो, माजी असो की भावी, गावच्या पारावर बसवायचं. चहा द्यायचा. आणि विचारायचं: टेंभूचं आवर्तन आपल्या चारीला शेवटचं कधी आलं, किती दिवस टिकलं? 19 टक्क्यांची वसुली टेलवाल्याकडून कोणत्या हिशेबानं होते? खोडकिडीनं गेलेल्या बागेच्या भरपाईवर तुम्ही, किंवा तुमच्या पक्षाच्या आमदारानं, सभागृहात काय विचारलं? तारांकित की अतारांकित? मंत्र्यांचं उत्तर काय आलं, कागद दाखवा. ‘पाठपुरावा चालू आहे’ हे उत्तर चालणार नाही. पाठपुराव्याला तारीख असते आणि जावक क्रमांक असतो.

विधिमंडळाचं कामकाज छापलं जातं, संकेतस्थळावरही मिळतं. मागच्या अधिवेशनातले आपल्या तालुक्याचे प्रश्न काढून त्याच्या पन्नास झेरॉक्स मी घालणार आहे. एक प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागेल, बाकीच्या बाजारात वाटीन. कागद कोरा निघाला तर कोराच लावू.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत पहिला विषय म्हणून हाच मांडणार आहे. सरपंचांना लेखी अर्ज दिलाय आणि पोच घेतली आहे. बसायला सतरंजी अपुरी पडते, तेव्हा घरून पोतं घेऊन या. आणि हो, एक वही.

आपला,
टेलच्या चारीवरचा एक डाळिंबवाला
(पत्रक वाचून झालं की पुढच्याला द्या. यावर कोणाचाही फोटो नाही, त्यामुळं भजी बांधायला वापरलंत तरी चालेल. मात्र आधी वाचा.)